इंजिनाचा खर्ज

विहिरीवरचं इंजिन नुसतं ऐकून कुणाच्या वावरात ओलीत चाललंय ते सांगणारी माणसं माझ्या लहानपणी दारव्हा-नेरकडच्या गावांत सहज भेटायची. मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे घेणारं ते जुनं, एका सिलिंडरचं डिझेल इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पेट घ्यायचं. म्हणजे सेकंदाला पाचेक ठोके, कानानं सुटे सुटे टिपता येतील असे. दोन इंजिनं एकाच कंपनीची आणि एकाच ताकदीची असली, तरी एकाच्या धुराड्याचा पाईप हातभर जास्त लांब असायचा. दुसऱ्याच्या तोंडावर पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून पत्र्याचा डबा पालथा घातलेला असायचा. तेवढ्या फरकानं दोघांचे आवाज पार निराळे व्हायचे. पेट आत होतो, पण सूर बाहेरच्या नळीत घडतो, हे मला पुस्तकाआधी त्या वावरांनी शिकवलं.

आणि शकुंतलेनं. मूर्तिजापूरहून दारव्ह्यामार्गे यवतमाळला येणारी ती अडीच फुटी रुळांवरची गाडी मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन ओढायचं. १५ एप्रिल १९९४ ला ते इंजिन थांबलं आणि डिझेल आलं. आम्ही मुलं तिच्या शिटीपेक्षा तिच्या भकभकीवर जास्त जीव टाकायचो. ती भकभक म्हणजे निव्वळ एक्झॉस्ट असतो, हे कळायला मात्र बरीच वर्षं जावी लागली. सिलिंडरमध्ये काम संपलेली वाफ एका अरुंद तोंडातून चिमणीत सोडतात. ती वर जाताना सोबत धूर खेचते, आणि त्या ओढीनं भट्टीतल्या निखाऱ्यांतून ताजी हवा आत शिरते. चढ लागला की ठोका जड होतो, ठोका जड झाला की आग भडकते, आग भडकली की वाफ वाढते. चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके. इंजिनाचा उच्छ्वासच त्याला पुढचा श्वास घ्यायला लावतो, ही रचना मला आजही थरारून टाकते. गाड्यांच्या एक्झॉस्टचा विषय निघाला की लोक धूर आणि गोंगाट एवढंच बोलतात. मला त्या नळीत इंजिनाच्या श्वसनाचा अर्धा भाग दिसतो.

स्पोर्ट्‌स कार म्हणावी अशी गाडी एमएच २९ च्या पाटीवर क्वचितच दिसते. आमचे रस्ते कापसाच्या गाड्यांचे, एसटीचे आणि वणीकडच्या कोळशाच्या ट्रकांचे. पण नागपूर-यवतमाळ रस्ता चांगला झाला आणि देवळी-कळंबच्या पट्ट्यात गाडी मोकळी धावू लागली, तसं धावण्याचा आनंद देणारी गाडी घ्यावी असं मनानं घेतलं. पुण्याजवळ चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय घेतली, वापरलेली, लाल. बाराशे सीसीचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती. जाणकार तिला स्पोर्ट्‌स कार म्हणणार नाहीत, पण माझ्यापुरती ती तशीच आहे. तिचा पळ अप्रतिम होता. आवाज मात्र नव्हताच. टर्बोचं पातं एक्झॉस्टच्या झोतावर फिरतं आणि फिरताना त्या झोतातली धडक शोषून घेतं. उरलेलं काम पुढच्या दोन डब्यांनी केलेलं. गाणाऱ्याच्या गळ्यात खर्ज आहे हे कळावं आणि त्यानं तोंडच उघडू नये, असं मला रोज वाटायचं.

तो खर्ज मला ऐकायचा होता. पण गाडीच्या मागून जे बाहेर पडेल ते आधी होतं तितकंच स्वच्छ राहिलं पाहिजे, ही अट माझी मीच घातली. कायद्याची ती आहेच. पण यवतमाळसारख्या गावात आपण सोडलेली हवा आपल्याच ओळखीचं कुणी तरी नाकात घेणार असतं.

म्हणून पहिला निर्णय सोपा होता. टर्बोनंतर लगेच येणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, मिस्त्रींच्या भाषेत कॅटला, हात लावायचा नाही. चिनीमातीची ती जाळीदार वीट मी एका भंगार गाडीतून काढलेली पाहिली आहे. एका चौरस इंचात चारशेच्या आसपास भोकं, आणि प्रत्येक भोकाच्या भिंतीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा डोळ्यांना न दिसणारा लेप. सारा मौल्यवान धातू मिळून काही ग्रॅम. अडीचशे-तीनशे अंशांवर तापली की ती वीट जागी होते. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करते, न जळलेल्या पेट्रोलचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करते, नायट्रोजनच्या ऑक्साइडांना पुन्हा साधा नायट्रोजन बनवते. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतं. हे ज्याला माहीत आहे त्याला त्या विटेची किंमत निराळी सांगावी लागत नाही. पेट्रोलमधलं शिसं या लेपाला मारतं, म्हणून १९९५ साली चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आला तेव्हाच तिथं शिसंविरहित पेट्रोल आणावं लागलं. साऱ्या देशातून शिसं गेलं ते फेब्रुवारी २००० मध्ये. एवढी यातायात करून मिळवलेली वस्तू दोन-चार अश्वशक्तींसाठी आणि थोड्या गडगडाटासाठी कापून फेकणारी माणसं आहेत. मग कुणाच्या तरी ओळखीनं पीयूसीचा कागद मिळवायचा. मला याचा मनापासून राग येतो. कॅट काढलेल्या गाडीच्या मागं सिग्नलला उभं राहिलेल्या स्कूटरवरच्या बाईनं काय घोडं मारलंय?

कॅटच्या पुढं मात्र मोकळं रान होतं. तिथून मागच्या टोकापर्यंतच्या भागाला कॅटबॅक म्हणतात. मधला रेझोनेटर, मागचा सायलेन्सर आणि त्यांना जोडणारे पाईप. हवा स्वच्छ व्हायची ती मागंच झालेली असते, या भागात फक्त आवाज घडतो. मूळ सायलेन्सरमध्ये वायूला पडद्यांतून उलटसुलट फिरवतात. त्याऐवजी सरळ छिद्रांची नळी आणि तिच्याभोवती दाबून भरलेली ग्लासवूल असा डबा बसवायचा, म्हणजे वायू अडत नाही आणि वरचे किरकिरे सूर लोकरीत मुरतात. उरतो तो खालचा सूर.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीकडे जाताना एक मिस्त्री आहेत, आर्गन वेल्डिंग करणारे. त्यांचा रोजचा धंदा दूध डेअरीच्या टाक्या आणि हॉटेलांची स्टीलची टेबलं. मी त्यांच्याकडे गेलो, कारण स्टीलचा पातळ पाईप न जाळता सांधणारा हात गावात त्यांचाच. मी डब्याबद्दल, आवाजाबद्दल बोलत राहिलो. ते गाडीखाली सरकले, बराच वेळ टॉर्च फिरवत राहिले आणि म्हणाले, ‘भाऊ, आवाजाचं मंग पाहू. पहिले मले हे पाहू द्या का हवा कुठून घुसते.’

मला वाटलं होतं की हवा बाहेर पडेल का, एवढाच प्रश्न आहे. मिस्त्रींचा प्रश्न उलटा होता आणि तोच खरा होता. एक्झॉस्टमधला वायू सलग धारेनं वाहत नाही, धक्क्याधक्क्यांनी येतो. प्रत्येक धक्क्यामागं क्षणभर दाब खाली पडतो. तेवढ्या क्षणात फ्लँजच्या फटीतून, वेल्डिंगच्या सुईएवढ्या भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते. कॅटच्या अलीकडं आणि पलीकडं एकेक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. फट अलीकडच्या सेन्सरच्या तोंडाशी असली तर त्याला वाटतं, ऑक्सिजन जास्त आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. तो संगणकाला तसं कळवतो, संगणक पेट्रोल वाढवतो, आणि ठाकठीक असलेलं इंजिन काळं ओकायला लागतं. एका किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, या मापाच्या आसपासच ती वीट आपली तिन्ही कामं एकदम करू शकते. माप हललं की एखादं काम सुटतं. पीयूसीत नापास होणाऱ्या कितीतरी गाड्यांचं दुखणं इंजिनात नसतं, ते पंचवीस-तीस रुपयांच्या गॅस्केटमध्ये असतं.

मिस्त्रींनी जुने बोल्ट डिझेलमध्ये भिजवून काढले. फ्लँजचा चेहरा सपाट घासला, नवं गॅस्केट घातलं. पाईप ३०४ ग्रेडच्या स्टीलचा. त्याची आतली बाजूसुद्धा वेल्डिंगच्या वेळी आर्गननं भरून ठेवली, नाहीतर आत काळी पापडी धरते आणि सांधा तिथूनच फुटतो. मग एकानं मागचं तोंड ओल्या पोत्यानं दाबून धरलं आणि मिस्त्रींनी साबणाचं पाणी प्रत्येक सांध्यावर ब्रशनं लावलं. एकाही ठिकाणी बुडबुडा आला नाही. या कामाला लागलेला वेळ पाईप वाकवण्यापेक्षा जास्त होता, आणि मला त्या दुपारी दुसरीकडे कुठं असावंसं वाटत नव्हतं.

गाडी सुरू झाली तेव्हा जो सूर निघाला त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांना असल्या गोष्टींची ओढ आहे त्यांना तो ऐकू आलाच असेल.

पण कळंबच्या पुढं मोठ्या रस्त्याला लागल्यावर घात झाला. इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांवर आलं की गाडीत एक घरघर उठायची, जात्याच्या खुंट्याला कान लावल्यासारखी, छातीत भरणारी. खालीवर केलं की जायची, पुन्हा तिथं आलं की हजर. आणि नागपूरच्या रस्त्यावर गाडी नेमकी त्याच फेऱ्यांवर तासन्‌तास राहते. सोबतची माणसं डोकं धरून बसली.

यावरचा उपाय मी आजवर शिकलेल्या पदार्थविज्ञानातला सगळ्यांत देखणा आहे. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोन पेट घेतं. २४०० फेरे म्हणजे सेकंदाला ४० फेरे आणि ८० पेट, म्हणून घरघरीचा सूर ८० हर्ट्‌झचा. तीनशे अंशांच्या आसपास तापलेल्या वायूत आवाज सेकंदाला साधारण ४८० मीटर जातो. म्हणजे त्या सुराची एक लाट सहा मीटरची. तिच्या पावपट, म्हणजे दीड मीटर लांबीचा, एका टोकाला बंद असलेला पाईप मुख्य नळीला फांदीसारखा जोडायचा. लाट त्यात शिरते, बंद टोकाला आपटून परत येते. येताना तीन मीटर, म्हणजे नेमका अर्ध्या लाटेचा प्रवास झालेला असतो. ती मुख्य नळीत पोचते तेव्हा तिथली लाट वर जात असते आणि ही खाली. दोघी एकमेकींना मिटवतात. बाकीचे बहुतेक सूर जसेच्या तसे राहतात, तेवढी एक घरघर जाते. ना लोकर, ना पडदा, वायूच्या वाटेत काहीही आडवं न घालता.

मी कागदावर आकृती काढली. मिस्त्रींनी ती पाहिली, पाईप दीड मीटरला दोन बोटं जास्त ठेवून कापला आणि म्हणाले, ‘कापता कवाही येते भाऊ, वाढवता येत नाही.’ तो पाईप गाडीखाली मावावा म्हणून दोनदा वाकवावा लागला. बंद टोकाला वायू निवलेला असतो, त्यामुळं खरी लांबी हिशेबापेक्षा थोडी कमीच भरली, आणि दोन फेऱ्यांत थोडा थोडा कापत ती साधली. घरघर गेली. तानपुऱ्याच्या तारेखालचा दोरा किंचित सरकवून जव्हारी उघडतात तेव्हा गायकाच्या चेहऱ्यावर जे येतं, ते त्या वेळी मिस्त्रींच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी कधी तानपुरा हातात घेतलेला नाही.

पीयूसीला गाडी गरम असताना न्यायची. यात लबाडी काहीच नाही. थंड कॅट झोपलेलाच असतो, आणि चाचणीचे नियमही इंजिन तापलेलं असावं असंच धरून केलेले आहेत. पेट्रोल पंपाच्या कडेला उभ्या केंद्रातल्या मुलानं नळी सायलेन्सरमध्ये आत सरकवली. माझी गाडी बीएस-४ ची. तिच्यासाठी उभ्या इंजिनावर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन दहा लाखांत २०० भाग, याच्या आत असावं लागतं. मग २५०० फेऱ्यांच्या आसपास इंजिन धरून पुन्हा मोजणी. तिथं कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.२ टक्के, आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण आदर्शापासून तीन टक्क्यांहून जास्त हलता कामा नये. या दुसऱ्या मोजणीत मिस्त्रींच्या साबणाच्या पाण्याची परीक्षा होती. सगळे आकडे मर्यादेच्या खूप खाली आले. कागद घेऊन मी आधी लोहाऱ्याच्या रस्त्याला लागलो.

२००० सालापूर्वीच्या पेट्रोल मोटारीला उभ्या इंजिनावरची कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, माझ्या गाडीच्या दहापट. त्या काळच्या दुचाकीला साडेचार टक्के आणि हायड्रोकार्बनचे ९००० भाग. यवतमाळच्या कॉलेजांसमोर अजूनही जिवापाड जपलेल्या यामाहा आरएक्स १०० दिसतात, १९८५ ते १९९६ मध्ये बनलेल्या. त्यांच्या बाबतीत एक्झॉस्टची गोष्ट आणखी विलक्षण आहे. टू-स्ट्रोकमध्ये ताजं पेट्रोल आत येतं तेव्हा बाहेरचं दारही उघडंच असतं, त्यामुळं थोडं न जळताच निसटतं. पूर्व जर्मनीत एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन या अभियंत्यानं पोटाशी फुगलेला आणि टोकाशी निमुळता असा पाईप इतक्या बारकाईनं घडवला, की त्याच्या निमुळत्या टोकावरून परतणारी दाबाची लाट निसटलेलं पेट्रोल पुन्हा सिलिंडरात ढकलायची. १९६१ मध्ये त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून गेला आणि ती विद्या सुझुकीकडे पोचली. पुढच्याच वर्षी सुझुकीनं ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. आरएक्सच्या सायलेन्सरचं पोट फुगीर का, याचं उत्तर त्या घराण्यात आहे. म्हणून तिच्या सायलेन्सरमधली पुंगळी काढणाऱ्या मुलाला मी नेहमी थांबवून सांगतो, की पाईपचा आकार बिघडला तर गाडी जोरात ओरडेल आणि कमी पळेल.

बुलेटवाल्यांना हे सांगणं अवघड जातं. इंदोरी, पंजाब, डॉल्फिन या नावांचे सायलेन्सर बाजारात टांगलेले असतात आणि फटाका फोडण्यात मर्दुमकी वाटते. पोलिसांनी राज्यातल्या अनेक शहरांत असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवला आहे. त्या बातम्या वाचताना मला वाईट वाटतं ते लोखंडाचं नव्हे, त्या मुलांच्या कानांना चांगला आवाज कुणी ऐकवलाच नाही याचं.

आणि इथं आपल्या व्यवस्थेत एक मोठं भोक आहे. पीयूसीची नळी वायू मोजते, आवाज मोजत नाही. पुंगळी काढलेली बुलेटसुद्धा तो कागद बाळगू शकते. आवाजाची मर्यादा निराळी आहे: मोटारीला ७४ डेसिबल, १७५ सीसीवरच्या दुचाकीला ८०. ती गाडी बाजारात येण्याआधी मोजतात. साडेसात मीटरवर मायक्रोफोन, गाडी ताशी ५० नं येणार आणि रेषेशी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबणार. त्यानंतर आयुष्यभर कुणी मोजत नाही. दंड आहे, १० हजारांपर्यंत आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स रद्द, पण तो पोलिसाच्या कानावर चालतो. नोंदणीतल्या वैशिष्ट्यांपासून फारकत घेणारा बदल कायद्याला मान्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून माझा मूळ सायलेन्सर मी बोल्टांसकट जपून ठेवला आहे. नवा डबा बसवताना अट घातली होती, की उभ्या गाडीचा आवाज जुन्याइतकाच राहावा. एकाच मोकळ्या जागी, एकाच अंतरावर दोन्ही डबे लावून आम्ही आवाज मोजला. फोनवरचा मापक प्रमाण मानता येत नाही, पण दोघांतला फरक तो सांगतो. पहिल्या मोजणीत नवा डबा मोठा भरला, तेव्हा मिस्त्रींनी तो उघडून लोकर आणखी दाबून भरली. शहरात, हळू चालवताना, गाडी आजही गप्प असते. वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासमोरून जाताना तर मी फेरे वाढूच देत नाही. रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र असतात, रात्री तिथं ४० डेसिबलची मर्यादा आहे. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या मागंही तसंच. बैल बुजला तर गाडीवानाचे हाल होतात. सूर ऐकायचा तो राळेगावकडच्या मोकळ्या रस्त्यावर, काच खाली करून, टेकाड चढताना.

प्रत्येक पीयूसी केंद्रावर आवाजाचं मापक यंत्र बसवावं आणि त्याचा आकडा त्याच कागदावर छापावा, असं मला वाटतं. फार खर्चाची गोष्ट नाही. मिस्त्रींसारख्या माणसांच्या कामाला त्यानं प्रतिष्ठा मिळेल, कारण मग गावोगावच्या मुलांना मोठा सायलेन्सर नको असेल, चांगला हवा असेल.

ग्लासवूल कायम टिकत नाही. गरम झोत तिचे धागे हळूहळू उडवून नेतो आणि आवाज वर चढत जातो. पुढच्या पीयूसीआधी डबा पुन्हा उघडायचा ठरलं आहे. या वेळी बेसाल्टच्या दगडापासून काढलेली लोकर मागवली आहे. ती जास्त उष्णता सोसते. मिस्त्रींना मी म्हटलं, आपल्या वावरातली काळी माती ज्या दगडाची झाली तोच हा दगड. त्यांनी नमुन्याचा पुंजका बोटांत चुरून पाहिला आणि विचारलं, ‘धागा लांब हाय ना भाऊ? आखूड असन तर भोकांतून निघून जाईन.’

मी दुकानदाराला तेवढंच कळवलं आहे.